वर्दी उतरल्यावर हेलिकॉप्टरवाला काय करतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंहगड रोडला राहणाऱ्या एका गृहस्थांची मुलगी अकरावी सायन्सला आहे आणि तिला सैन्यात हेलिकॉप्टर पायलट व्हायचंय. तिचा मामा एअरलाइनमध्ये नोकरीला. त्याचं म्हणणं, हेलिकॉप्टरवाल्यांना बाहेर कोणी विचारत नाही, त्यापेक्षा बारावी झाली की सरळ विमानाचं लायसन्स काढ. वडिलांनी विचारलंय की पंचेचाळिशी-पन्नाशीत बाहेर पडल्यावर या लोकांचं होतं काय, आणि पुण्यातल्या डिफेन्स कंपन्यांत निवृत्त पायलट नेमकं करतात तरी काय?

आधी माझी बाजू सांगतो, म्हणजे माझ्या बोलण्याला किती वजन द्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी आर्मी एव्हिएशनचा. सुरुवात चेतक-चीता या एका इंजिनाच्या हलक्या हेलिकॉप्टरांवर, पुढे दोन इंजिनांचं ध्रुव, मधे काही वर्षं इन्स्ट्रक्टर, शेवटी मुख्यालयातल्या स्टाफच्या खुर्च्या. आता पुण्यातच एका खासगी कंपनीत आहे. ड्रोन आणि हेलिकॉप्टरला लागणारी सामग्री हे आमचं काम. हवाई दल आणि नौदलाबद्दल जे सांगेन ते कोर्समेट मंडळींकडे बघून. आर्मीचं तेवढं स्वतः जगलेलं.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत. बाहेर काम मिळतं का, हा एक. मिळतं. दुसरा तुम्ही विचारला नाहीत, पण खरा तोच आहे: वीस वर्षांत तिच्या गाठीला असं काय जमा होतं, ज्याचे बाहेरचा माणूस पैसे मोजेल? सिव्हिल फ्लाइंगमध्ये लॉगबुकातले तास बघतात, आणि ते कुठल्या मशीनवरचे आहेत तेही बघतात. डिफेन्स कंपनीत तासांबद्दल कोणी फारसं विचारत नाही. तिथे विचारतात की उडवण्याच्या जोडीने काय केलंत. इन्स्ट्रक्टर होतात का, टेस्ट फ्लाइंग केलंत का, अपघाताच्या चौकशीत बसलात का, नवं मशीन घ्यायच्या आधीच्या चाचण्यांना गेलात का. ही जोडकामं तरुणपणी कटकट वाटतात, कारण तेव्हा प्रत्येकाला फक्त उडायचं असतं. दुसरी कारकीर्द मात्र त्यांच्यावरच उभी राहते.

आता सुरुवातीपासून.

सिंहगड रोडवरून खडकवासला हाकेच्या अंतरावर, त्यामुळे एनडीएबद्दल तुम्हाला नवीन काही सांगायला नको. २०२२ पासून तिथे मुली आहेत आणि मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. मुलींसाठी जागा मोजक्या असतात, दर जाहिरातीत आकडा बघावा. आर्मीसाठी बारावीची कुठलीही शाखा चालते. हवाई दल आणि नौदलासाठी फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतं. एनडीए हा एकमेव दरवाजा नाही. पदवीनंतर सीडीएसची परीक्षा आहे, हवाई दलासाठी एएफकॅटची आहे.

पण एक गोष्ट घरात स्पष्ट बोलून घ्या. 'मला हेलिकॉप्टरच हवं' असं म्हणून कोणी सैन्यात शिरत नाही. हवाई दलात हैदराबादजवळ दुंडिगलला आधी पिलाटस विमानावर शिकवतात आणि नंतर फायटर, ट्रान्सपोर्ट, हेलिकॉप्टर अशी वाटणी होते. ती तुमची कामगिरी आणि दलाची गरज बघून होते, तुमच्या आवडीचा नंबर त्यानंतर. हेलिकॉप्टरवाले मग तिथल्याच हकीमपेटला जातात. नौदलाची हेलिकॉप्टर स्कूल तमिळनाडूत अरक्कोणमला. आर्मीची पद्धत निराळी. इथे परंपरेने अधिकारी आधी तोफखाना, पायदळ, हवाई संरक्षण अशा कुठल्यातरी शाखेत असतो, मग एव्हिएशनसाठी नाव देतो आणि निवड झाली तर नाशिक रोडच्या स्कूलमध्ये शिकतो. आता काही अधिकारी थेट एव्हिएशनमध्येही कमिशन होतात. आर्मी एव्हिएशनची स्वतंत्र कोअर १ नोव्हेंबर १९८६ ला उभी राहिली, म्हणजे सैन्याच्या मानाने तरुणच. २०२२ च्या मे महिन्यात कॅप्टन अभिलाषा बराक यांनी नाशिकलाच विंग्ज, म्हणजे पायलटचा बिल्ला, घेतल्या, आर्मी एव्हिएशनच्या पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर म्हणून. त्याही आधी आर्मी एअर डिफेन्समध्ये होत्या. त्यामुळे ज्या मुलीला हेलिकॉप्टर म्हणजे हेलिकॉप्टरच हवंय, तिला आर्मीचा रस्ता लांबचा असला तरी जास्त सरळ पडेल असं माझं मत. हवाई दलवाले मित्र हे वाचून चिडतील, चिडू देत.

अंगकाठी आणि डोळे हा भाग अभ्यासाने बदलत नाही, म्हणून तो आधी तपासा. हवाई दलाच्या फ्लाइंग शाखेला किमान उंची १६२.५ सेंटीमीटर लागते, शिवाय पायाची लांबी, मांडीची लांबी आणि बसल्यावरची उंचीही मोजतात. कॉकपिटमध्ये मावायला हवं आणि पेडलपर्यंत पाय पोचायला हवा, एवढंच त्यामागे आहे. सीपीएसएस नावाची पायलटच्या कलाची चाचणी, जुन्या लोकांच्या तोंडी पीएबीटी, आयुष्यात एकदाच देता येते. त्यात नापास झालं की फ्लाइंगचा दरवाजा कायमचा बंद. पुण्यात कोपऱ्याकोपऱ्यावर 'एनडीए फाउंडेशन'च्या पाट्या आहेत. लाखभर रुपये फी भरण्याआधी कोणी या गोष्टी तपासतो का? फार कमी जण.

आता मधली वीस वर्षं. इथे थोडा जास्त वेळ घेतो, कारण पुढे कंपनीत जे विकलं जातं त्याची मुळं इथे आहेत.

हेलिकॉप्टरच्या पायलटचं निम्मं डोकं हवा किती विरळ आहे या हिशोबात जातं. लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १०,७०० फुटांवर. त्या उंचीला पुस्तकात धरलेलं प्रमाण तापमान येतं उणे ६ अंशांच्या आसपास. जुलैच्या दुपारी तिथे २५ अंश असतील तर फरक ३१ अंशांचा. दर जादा अंशाला उंचीत साधारण १२० फुटांची भर धरा. म्हणजे इंजिन आणि रोटरच्या दृष्टीने ते हेलिकॉप्टर १४,४०० फुटांवर उभं आहे, जमिनीला चाक टेकलेलं असताना. लोहगावला हाच हिशोब करून बघा. विमानतळाची उंची १,९४२ फूट, मे महिन्यातले ४० अंश. मशीनला ५,४०० फूट वाटतात. शाळकरी गणित आहे. पण सकाळी सहाला जो लोड उचलला तो दुपारी एकला उचलायचा नाही, हे समोर उभ्या असलेल्या वरिष्ठाला सांगायचं म्हणजे नुसतं गणित पुरत नाही.

सियाचीनवर हा हिशोब किलोवर येतो. १३ एप्रिल १९८४ ला ऑपरेशन मेघदूत सुरू झालं तेव्हापासून तिथल्या उंच चौक्या चीतावर जगल्या. चीता म्हणजे मूळचं फ्रेंच लामा, आपल्याकडे एचएएलने बांधलेलं. याच लामावर १९७२ साली फ्रान्सच्या जाँ बुले यांनी १२,४४२ मीटर उंची गाठली होती. वर इंजिन बंद पडलं आणि ते ऑटोरोटेशनने, म्हणजे इंजिनाशिवाय नुसत्या फिरत्या पात्यांवर खाली उतरले. उंचीवर मशीन दमदार आहे, पण एका इंजिनाचं आणि आता म्हातारं. सर्वात उंच चौक्यांना एका फेरीत वीसेक किलोच नेता येतात. दोन मशीन कायम जोडीने जातात, म्हणजे एक बसलंच तर दुसऱ्याला जागा तरी माहीत असते.

पॅड म्हणजे बर्फ दाबून केलेला खोलीएवढा चौकोन. कडेला रॉकेलचे रिकामे जेरिकॅन खुणेला लावलेले. डाव्या हातात वर-खाली नेणारा दांडा, कलेक्टिव्ह, उजव्या हातात दिशा देणारा, सायक्लिक, नजर एकदा बाहेर आणि एकदा पिचच्या काट्यावर. हा काटा सांगतो की इंजिनाकडे अजून किती शिल्लक आहे. शेवटच्या पन्नास मीटरला तो मर्यादेच्या जवळ असेल तर तिथूनच वळायचं, पुढे गेल्यावर वळायला हवाच उरत नाही. टेकल्यावर इंजिन बंद करायचं नाही. थंडीत परत लागेल याची हमी कोण देणार? स्किड बर्फावर ठेवायचे तेही पूर्ण वजन न सोडता, कलेक्टिव्ह थोडं धरूनच. एक जवान वाकून येतो, रॉकेलचा कॅन ओढतो, टपालाची थैली घेतो, आणि कधी एखाद्या आजारी माणसाला मागच्या सीटवर टाकतो. मिनिटभरात सगळं आटोपायला हवं. आणि तो आजारी माणूस आत आल्यावर निघताना लागणारी ताकद वेगळी, हा हिशोब खाली बेस कॅम्पला चहा पितानाच झालेला असतो.

यातून जी सवय लागते तिला माझ्या मते पुढे खरी किंमत आहे. आधी मर्यादा लिहून काढायची, मग कामाला हात घालायचा, आणि कागद 'नाही' म्हणत असेल तर तोंडाने 'हो' म्हणायचं नाही. ८ डिसेंबर २०२१ ला कुन्नूरजवळ हवाई दलाचं एमआय-१७ व्ही-५ हेलिकॉप्टर पडलं, जनरल बिपिन रावत यांच्यासह १४ जण गेले. चौकशीत निघालं ते असं: दरीत हवामान अचानक बदललं, मशीन ढगात शिरलं, पायलटला दिशेचं भान राहिलं नाही आणि चालतं मशीन डोंगरावर गेलं. त्यावरचा क्रू अनुभवी होता. हेलिकॉप्टर खालून, दऱ्याखोऱ्यांतून, नजरेच्या भरवशावर चालतं, त्यामुळे ढग हा त्याचा जुना वैरी. हे मुलीपासून लपवू नका. धोका आहे, तो प्रशिक्षणाने कमी होतो, शून्य होत नाही.

शरीराचंही ऐका. डावा हात खाली, उजवा मांडीवर, कंबर जराशी पुढे, आणि खालून सतत कंपन. चाळिशीत माझ्या ओळखीतल्या बहुतेकांची पाठ बोलायला लागली. कानाचंही तेच. मेडिकल कॅटेगरी खाली गेली की फ्लाइंग थांबतं. रँक राहते, खुर्ची राहते.

दहा-बारा वर्षं झाली की तशीही उडण्याची सॉर्टी कमी आणि फायली जास्त होतात. कर्नलपर्यंत बरेच पोचतात, वरती पिरॅमिड निमुळता. इथेच फाटे फुटतात. इन्स्ट्रक्टर कोर्स, बेंगळुरूच्या टेस्ट पायलट स्कूलचा कोर्स, फ्लाइट सेफ्टी, निलगिरीतल्या वेलिंग्टनचा स्टाफ कोर्स, किंवा आपल्या गिरिनगरला मिलिट या सैनिकी तंत्रज्ञानाच्या संस्थेतला टेक्निकल स्टाफ कोर्स. टेस्ट पायलटची निवड फार कडक असते, पण तो शिक्का घेऊन बाहेर आलेल्या माणसाला काम शोधावं लागत नाही, काम त्याला शोधत येतं. बाकीच्यांनी निदान एक तांत्रिक बाजू पक्की करावी. आमच्यातले काही पोस्टिंगच्या चांगल्या-वाईटावर सगळी ताकद घालवतात, आणि निवृत्तीच्या सहा महिने आधी बायोडेटा लिहायला बसल्यावर 'नेतृत्वगुण' याखेरीज लिहायला काही सुचत नाही.

बाहेर पडायचं कधी? पेन्शनला वीस वर्षं लागतात. शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे ठराविक मुदतीची नोकरी, दहा वर्षांची, वाढवून चौदा. तिच्यात ग्रॅच्युइटी मिळते, पेन्शन नाही. कर्नलला वयाच्या ५४ पर्यंत राहता येतं. सिव्हिलमध्ये व्यावसायिक फ्लाइंग ६५ पर्यंत करता येतं. म्हणजे चव्वेचाळीसला बाहेर पडलेल्या माणसासमोर वीस वर्षांचं काम पडलेलं असतं, ही काही उताराला लागलेली गाडी नाही.

सिव्हिल फ्लाइंगचं मामाने सांगितलं ते अर्धं बरोबर आहे. हेलिकॉप्टरच्या नोकऱ्या एअरलाइनच्या मानाने मूठभर. पण ज्या आहेत त्यात मोठा भरणा माजी सैनिकी पायलटांचाच असतो, कारण ऑपरेटरला तासवाला माणूस लागतो आणि पदरचे पैसे घालून तेवढे तास करणं सामान्य घराच्या आवाक्याबाहेरचं आहे. म्हणून बारावीनंतर थेट हेलिकॉप्टरचं सिव्हिल लायसन्स, हा सल्ला मी कुणालाच देत नाही. लायसन्स हातात येतं, मग दीडशे-दोनशे तासांवर कोण उभं करणार?

सैन्यातले तासही सगळे सारखे चालत नाहीत, हे बऱ्याच जणांना बाहेर आल्यावर कळतं. जुहूहून मुंबई हायच्या तेल फलाटांवर जाणारं फ्लाइंग, समुद्रावर सुमारे १६० किलोमीटर, तिथे दोन इंजिनांच्या मशीनवरचे आणि इन्स्ट्रुमेंटवर उडण्याचे तास मागतात. ज्याने उभी हयात चीतावर, एका इंजिनावर, नजरेने उडण्यात घालवली त्याला तिथे अडखळायला होतं; ध्रुव किंवा एमआय-१७ वाल्याला सोपं जातं. डोंगरातली यात्रेची फ्लाइटं चीतावाल्यांना जवळची वाटतात, पण ती हंगामी. एका दिवसात त्याच दरीत पुन्हा पुन्हा फेऱ्या, खाली रांगेत उभे असलेले प्रवासी, वर ढग. तिसरं क्षेत्र नेत्यांचं आणि उद्योगपतींचं. आपल्या महाराष्ट्रात निवडणुका लागल्या की दिवसाला चार-चार सभा, हेलिपॅड म्हणजे शाळेचं मैदान, त्यावर पाणी मारायचं राहिलेलं असतं आणि उतरताना धुळीत जमीन दिसेनाशी होते. अंधार पडत आला तरी 'साहेबांना पोचायचंच आहे' असा निरोप. सैन्यात 'नाही' म्हणणाऱ्याच्या मागे युनिट उभं असतं. इथे तो एकटा असतो आणि त्याचा पगार देणारा शेजारी बसलेला असतो. मला या कामापेक्षा समुद्रावरचं काम शिस्तीचं वाटतं, पण हे ज्याच्या त्याच्या स्वभावावर. काही जण नंतर विमानाचं लायसन्सही काढून एअरलाइनला जातात. तो खर्च स्वतःचा आणि सिनियॉरिटी तळापासून.

लायसन्सच्या कागदांचं एवढंच सांगतो: नागरी उड्डाणाचं नियमन करणाऱ्या डीजीसीएचे पेपर, क्लास वन मेडिकल, रेडिओची परीक्षा हे नोकरीत असतानाच उरकावं. निवृत्तीनंतर पुस्तक हातात धरणारे दोन-दोन वर्षं घरी बसलेले मी बघितलेत.

आता तुमचा पुण्याचा प्रश्न. शहर बघा. पाषाणला एआरडीई, म्हणजे तोफा-दारूगोळ्याची डीआरडीओची प्रयोगशाळा. सुतारवाडीला एचईएमआरएल, स्फोटकं आणि रॉकेटच्या इंधनावर काम करणारी. दिघीला आर अँड डीई, पूल आणि अभियांत्रिकी सामग्रीची. खडकीला दारूगोळा कारखाना, गिरिनगरला डीआयएटी हे संरक्षण तंत्रज्ञानाचं विद्यापीठ, लोहगावला सुखोईचा तळ, कॅम्पात सदर्न कमांड. मुंढव्याला भारत फोर्ज. आणि भोसरी-चाकण-चिंचवडला मोटारींचे सुटे भाग करता करता डिफेन्सकडे वळलेली असंख्य वर्कशॉपं. हेलिकॉप्टर बांधतात ते बेंगळुरूला आणि आता तुमकुरूला. पुण्यात हेलिकॉप्टर तयार होत नाही. पण त्याला, आणि त्याहून जास्त ड्रोनला, लागणाऱ्या शंभर गोष्टी इथे होतात. मार्च २०२५ मध्ये सरकारने 'प्रचंड' या हल्ल्याच्या १५६ हेलिकॉप्टरांचा ६२,७०० कोटींचा करार केला, त्यातली ९० आर्मीची. तुमची मुलगी उडायला लागेल तेव्हा ही मशीनं भर जवानीत असतील. त्यांचे सुटे भाग, शस्त्रं, सिम्युलेटर यांचं काम तर त्यानंतरही पुरेल.

या कंपन्यांत निवृत्त पायलट काय करतो? मी काय करतो ते सांगतो. सैन्याला एखादी वस्तू हवी असते तेव्हा तिच्या अपेक्षांचा एक दस्तऐवज असतो, आमच्या भाषेत क्यूआर. त्यात लिहिलेलं असतं की ड्रोनने अमुक किलो घेऊन १८,००० फुटांवर उडावं. पुण्यातला हुशार इंजिनिअर ते मशीन हडपसरच्या पुढे माळावर उडवतो, दोन हजार फुटांवर, झकास चालतं. १८,००० फुटांवर हवेचा दाब निम्मा आणि घनता समुद्रसपाटीच्या ५७ टक्क्यांच्या आसपास. त्यात बॅटरी थंडीने आखडलेली. इथे पाच किलो उचलणारं तिथे स्वतःला उचलेल का याचीच शंका. ज्या माणसाने तिथे किलो मोजलेत तो क्यूआर वाचतानाच सांगतो की मोटर बदला नाहीतर निविदा भरू नका. डीएपी २०२० या संरक्षण खरेदीच्या नियमावलीप्रमाणे चाचण्या कंपनीच्या खर्चाने होतात, सैन्य त्यापोटी काही देणं लागत नाही. लेहपर्यंत माणसं-सामान नेऊन नापास होऊन यायचं, हे छोट्या कंपनीला परवडत नाही. निविदा भरायच्या आधी दिलेला एक नकार कंपनीचं वर्ष वाचवू शकतो.

भोसरीच्या एका शेडमधली गोष्ट. बॅटरीच्या कप्प्याचं झाकण दोन बारीक स्क्रूंनी बसवलेलं. डिझाइन करणाऱ्या मुलीने टेबलावर ते बोटांनी उघडून दाखवलं, चटकन. मी तिला माझे जुने हातमोजे दिले, आत लोकरीचे, वर जाड चामड्याचे, आणि म्हटलं आता उघड. पहिला स्क्रू फिरेचना. दुसरा निघाला तो थेट मशीनखालच्या ऑइलच्या ट्रेमध्ये गेला. बर्फात पडला असता तर शोधायला कोण बसणार, आणि हातमोजा काढला तर बोटं किती मिनिटं चालणार? ती काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात तिथे दांडीची कडी आली, झाकणाला दोरीने बांधलेली. चाचणीच्या यादीत 'हातमोजे घालून' हा शब्दप्रयोग तिनेच घातला. माझ्या कामाचा मोठा भाग असा आहे. बाकी मग मॅन्युअल जवानाला कळेल असं लिहिणं, क्रू ट्रेनिंग आखणं, सेमिलॅक आणि डीजीएक्यूए या सरकारी संस्थांच्या एअरवर्दीनेसच्या, म्हणजे उडण्यायोग्य असल्याच्या, कागदांसाठी इंजिनिअर आणि वापरणारा यांच्यामध्ये बसणं, सिम्युलेटरवर शिकवणं.

आणि एक काम जे करू नये. काही कंपन्या निवृत्त अधिकारी घेतात ते त्याच्या ओळखींसाठी. 'सर, जरा फाइल कुठे आहे बघा ना.' पगार चांगला, केबिन मोठी, आणि दोन वर्षांत ओळखीची माणसं बदलून गेली की उपयोग संपला. शिवाय निवृत्तीनंतर पहिल्या वर्षात खासगी नोकरी धरायची तर सरकारची परवानगी लागते, आणि गोपनीयतेचा १९२३ चा कायदा वर्दी उतरली म्हणून सुटत नाही. तांत्रिक पाया असेल तर माणसाला ही दलाली करायची वेळ येत नाही. ज्याच्याकडे तो नसतो तो मग उंटावरून शेळ्या हाकतो, आणि इंजिनिअर मंडळी त्याला आठवडाभरात ओळखतात.

पगाराचे आकडे देत नाही. कंपनी, अनुभव आणि त्या वर्षीच्या ऑर्डरी यांवर ते इतके हलतात की कुठलाही आकडा दिशाभूल करेल. साधारण कल असा की अनुभवी सिव्हिल पायलटला कंपनीतल्या सल्लागारापेक्षा जास्त मिळतं. सल्लागार मात्र रोज रात्री घरी जेवायला असतो. पोस्टिंगच्या काळात कुटुंब पुण्यात एसएफ क्वार्टरमध्ये, म्हणजे लांब पोस्टिंगवरच्यांच्या कुटुंबांसाठीच्या घरात, आणि आपण आसामात मिसामारीला, असं काढलेल्या माणसाला याची किंमत कळते.

मामाच्या सल्ल्यावर शेवटी माझं मत विचारलंत म्हणून: तिला फक्त उडायचं असेल, कुठलंही मशीन, वर्दी असो नसो, तर मामा बरोबर आहे, घरची ऐपत बघून विमानाचं लायसन्स काढावं. पण सैन्यात पायलट हा आधी अधिकारी असतो. तिला उडण्याइतकंच जवानांचं, चौकीचं, परेडचं, फायलींचं काम करायचं आहे का, याचा अंदाज तुम्हालाच येईल. हेलिकॉप्टरच्या हौसेपायी सैन्यात गेलेला आणि मेडिकलमध्ये फ्लाइंग गमावलेला माणूस उरलेली वर्षं कुढत काढतो. सैन्यासाठी गेलेला दुसरं काहीतरी उभं करतो.

सध्या अकरावीच आहे, तर एवढं करा. एखाद्या चांगल्या नेत्रतज्ज्ञाकडून डोळे आणि रंगांची ओळख तपासून घ्या, उंची आणि पायाची लांबी घरी मोजा, युपीएससीच्या ताज्या जाहिरातीतलं वैद्यकीय परिशिष्ट शेवटपर्यंत वाचा. नाशिकला राज्य सरकारची मुलींसाठीची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, मुलांची छत्रपती संभाजीनगरला जुनी आहे, पण तिथे प्रवेश दहावीनंतर अकरावीसाठी असतो. तुमच्या मुलीची ती वेळ गेली, ज्यांची मुलं अजून दहावीत आहेत त्यांनी महागड्या क्लासपेक्षा तो पर्याय आधी बघावा. आणि चष्मा असेल, कोणी लेसर करून घ्यायचा सल्ला देत असेल, तर परिशिष्टातले नियम वाचल्याशिवाय डॉक्टरची तारीख घेऊ नका. ते ऑपरेशन कोणत्या वयात झालं आणि त्याला किती काळ लोटला यावर पात्रता अडू शकते.